शिक्का आणि किल्ली



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांतील मुलांच्या किमान दोन पिढ्यांना आपले नाव स्वतःच्या हाताने लिहायला शिकवले. त्यांचे स्मरण करताना ‘सही’ या विषयावर बोलावे असे मला वाटले, ते याच कारणाने. मात्र आज मी ज्या सहीविषयी बोलणार आहे ती शाईने होत नाही. ती संगणकावर होते, आणि ती करण्यासाठी जी गुप्त किल्ली लागते ती कोणी, कोठे आणि किती काळ ठेवावी, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संगणकाच्या प्रांतात का शिरावे, अशी शंका आपल्या मनात आली असेल. तिचे उत्तर असे की, हा प्रश्न यंत्राचा जितका आहे तितकाच शब्दाचा आहे. माणसाने आपला शब्द दिला, तो त्याचाच होता हे कशावरून ओळखायचे, या चिंतेतूनच जगातले सगळे लेखनव्यवहार उभे राहिले आहेत.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. ‘सही’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘खरे, बरोबर’ असा आहे. ‘दस्तखत’ म्हणजे हाताचे लिखाण. ‘स्वाक्षरी’त स्वतःचे अक्षर अभिप्रेत आहे. ‘शिक्कामोर्तब’ हा तर आपण रोज वापरतो तो शब्द. पण त्यात दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे आपण विसरलो आहोत. जुन्या मराठी राजपत्रांत मुख्य मुद्रा एका जागी उमटे आणि मजकूर जेथे संपला तेथे मर्यादेचा छोटा शिक्का उमटे; त्यालाच मोर्तब म्हणत. मुद्रेने पत्र कोणाचे हे कळे. मोर्तबाने पत्र येथे संपले, यापुढे कोणी ओळ वाढवली तर ती खोटी, हे कळे. कर्तृत्व आणि मजकुराची अखंडता, या दोन गोष्टींची हमी आपल्या पूर्वजांना वेगवेगळी द्यावीशी वाटली, हे मला फार मोलाचे वाटते.

ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचीही सोय होती. महजरांवर शेतकऱ्याच्या नावापुढे नांगराची निशाणी असे, लोहाराची हातोड्याची, सुताराची किंकऱ्याची. निशाणी करणाऱ्यासाठी मजकूर दुसऱ्याने लिहिलेला असे, आणि त्या लिहिणाऱ्याने ‘बिकलम अमुक’ असे स्वतःचे नाव घालण्याची चाल होती. म्हणजे शब्द कोणाचा आणि कलम कोणाची, हे कागदावर स्वतंत्रपणे दिसे. या ‘बिकलम’ शब्दाकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे. तोवर तो ध्यानात असू द्यावा.

आता किल्लीकडे वळू. आपण ‘किल्ली’ही म्हणतो आणि ‘चावी’ही म्हणतो. ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्या घरात ठेवून दिला. त्यांच्या भाषेतला तो ‘शाव्ह’. आपले हे दोन्ही तालुके १७८०च्या दशकात त्यांच्या अमलाखाली गेले, नव्या काबिजादींत मोडले. परंतु देवस्थानांचा कारभार महाजनांकडे राहिला. १९३३ च्या देवस्थान नियमावलीप्रमाणे चालणाऱ्या समित्यांत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि मुखत्यार अशी पदे आहेत, हे येथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. देवाच्या दागिन्यांची पेटी एकाच माणसाच्या किल्लीने उघडू नये, ही रीतही आपल्याकडे अपरिचित नाही. तीन किल्ल्यांची पेटी पोर्तुगिजांच्या संस्थांतही असे. अविश्वास हा त्या रीतीचा पाया होता असे कोणी समजू नये. एकावर सगळे ओझे पडू नये, आणि एक गेला तर देवाचा ऐवज कायमचा बंद राहू नये, अशी दुहेरी काळजी तिच्यामागे होती.

एवढी पूर्वपीठिका पुरे. संगणकावरील किल्ली म्हणजे काय, ते आता मला समजले तितके सांगतो.

हजारो वर्षे गुप्त लेखनाची एकच पद्धत होती. ज्या किल्लीने मजकूर बंद करायचा तिनेच तो उघडायचा. त्यामुळे किल्ली दूरच्या माणसाला पोचवायची कशी, हीच मोठी अडचण असे. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकी संशोधकांनी वेगळा विचार मांडला: प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी असावी, एक सर्वांना सांगावी, दुसरी कोणालाही सांगू नये. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ही कल्पना गणिताने प्रत्यक्षात आणली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे महाकठीण, या साध्या दिसणाऱ्या सत्यावर ती रचना उभी आहे. ब्रिटिश सरकारच्या एका गुप्त विभागात हाच विचार काही वर्षे आधी झाला होता, हे १९९७ साली जाहीर झाले.

या जोडीचे दोन उपयोग आहेत. मला कोणी गुप्त पत्र पाठवायचे असेल तर तो माझ्या जाहीर किल्लीने ते बंद करतो आणि मी माझ्या खासगी किल्लीने उघडतो. उलट मला सही करायची असेल, तर यंत्र मजकुराचा एक आकडी ठसा काढते, माझी खासगी किल्ली त्या ठशावर चालते, आणि माझ्या जाहीर किल्लीने कोणीही ती सही पडताळून पाहू शकतो. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. पाहा, मुद्रा आणि मोर्तब ही दोन्ही कामे येथे एकाच क्रियेत होतात.

मित्रहो, माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचे मर्म एवढेच आहे की, या दोन उपयोगांच्या किल्ल्या वेगळ्या मानाव्यात आणि त्या ठेवण्याचे नियमही वेगळे असावेत. एक किल्ली पेटीची आहे, दुसरी खरे तर किल्ली नसून शिक्का आहे. पेटीची किल्ली हरवली तर आतला ऐवज कायमचा गेला. म्हणून तिची दुसरी प्रत सुरक्षित जागी असणे शहाणपणाचे. शिक्का हरवला तर काय बिघडते? पूर्वी उमटलेले ठसे खरेच राहतात. जुना शिक्का रद्द झाल्याचे जाहीर करावे आणि नवा करावा. म्हणून शिक्क्याची प्रत ठेवण्याची गरजच नाही. आणि प्रत असली तर धोका मात्र आहे, कारण दुसऱ्याने उमटवलेला ठसा माझ्या ठशाहून कशानेही वेगळा ओळखता येत नाही. मराठी राज्यात छत्रपती बदलले, पेशवे बदलले की मुद्रा बदले. वारसाला गादी मिळे, पूर्वजाच्या नावाचा शिक्का चालवण्याचा अधिकार मिळत नसे. त्या व्यवस्थेत मोठे तारतम्य होते.

आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि डिजिटल सहीला हाती केलेल्या सहीचे स्थान मिळाले. मृत्युपत्रासारखे काही दस्तऐवज त्यातून आजही वगळलेले आहेत. या कायद्याचे ४२ वे कलम प्रत्येक सहीधारकाने वाचावे असे आहे. आपली खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील अशी वाजवी काळजी घेणे हे धारकाचे कर्तव्य आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास विनाविलंब प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवणेही त्याचेच कर्तव्य आहे. कळवीपर्यंतची जबाबदारी त्याच्या शिरावर राहते. पुराव्याच्या कायद्यातही, उलट सिद्ध होईपर्यंत, सुरक्षित सही तिच्या मालकानेच केली असे गृहीत धरले जाते. धारक वारल्यास प्रमाणपत्र रद्द करण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. शिक्का माणसाबरोबर संपला पाहिजे, हे कायद्यानेही मानले आहे.

ही किल्ली साधारणतः पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एका टोकनात जन्म घेते आणि त्यातून तिची नक्कल बाहेर काढता येऊ नये अशी त्याची घडण असते. व्यवस्था चांगली आहे. पण माणसे तिचे काय करतात? काही वर्षांपूर्वी एका कामासाठी मी तालुक्याच्या गावी एका संगणक केंद्रात बसलो होतो. चालकाच्या मेजाच्या खणात अशी वीस-पंचवीस टोकने दोऱ्यात ओवून ठेवलेली होती. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर मालकाचे नाव आणि त्याखाली गुप्त पिन. चालक गृहस्थ सज्जन होते. गिऱ्हाइकांनी विश्वासाने ठेवायला दिली, असे त्यांनी सांगितले, आणि ते खरेच असणार. परंतु त्या खणात वीस-पंचवीस माणसांचे हात तोडून ठेवल्यासारखे मला दिसले. चालकाने काही वावगे केले नाही. तरी उद्या त्या खणाशी बसणारा माणूस कोण असेल, हे त्या मालकांपैकी कोणालाच सांगता आले नसते.

हाच विचार पंचायतीला लावून पाहा. केंद्रीय वित्त आयोगाच्या अनुदानातून पैसे चुकते करताना ई-ग्रामस्वराज प्रणालीत दोन डिजिटल सह्या अपेक्षित असतात. एकाने देयक मांडायचे, दुसऱ्याने मंजूर करायचे. सरपंच आणि सचिव अशी ही जोडी आहे. दोन किल्ल्यांच्या पेटीचीच ही नवी आवृत्ती. आता सरपंचाने ‘मला ते यंत्र कळत नाही’ म्हणून आपले टोकन सचिवाच्या कपाटात ठेवले, किंवा दोघांची टोकने एकाच कारकुनाच्या हाती दिली, तर कागदोपत्री सह्या दोन राहतील आणि राखण मात्र एकाचीच उरेल. गोव्यात १९१ पंचायती आहेत. कोणत्याही एकीवर मी आरोप करीत नाही. प्रत्येक गावाने आपल्या सरपंचाला आणि सचिवाला एवढेच विचारावे, की तुमचा शिक्का या क्षणी कोठे आहे?

गोमंतकात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. परदेशी गेलेल्या किंवा वारस न उरलेल्या मालकांच्या जमिनी बनावट दस्तऐवजांच्या आधारे बळकावल्या गेल्याच्या तक्रारींवरून २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमला गेला. ते दस्तऐवज कागदाचे होते. खोट्या कागदाला निदान अक्षराचे वळण असते, शाई असते, कागदाचे वय असते; जाणकाराच्या नजरेला काही धागा सापडतो. खऱ्या किल्लीने परक्या हाताने केलेल्या सहीत तपासायला अक्षरच नसते. मोपाच्या विमानतळानंतर पेडण्याच्या जमिनीकडे साऱ्या देशाचे डोळे लागलेले असताना हे आपण ध्यानी घेतले पाहिजे.

मग टोकन जवळ बाळगण्याऐवजी सगळ्यांच्या किल्ल्या एखाद्या मोठ्या, जाळ्याला जोडलेल्या संगणकावर, जाणत्यांच्या राखणीत का ठेवू नयेत? हा युक्तिवाद टाकाऊ नाही. सामान्य माणूस वस्तू हरवतो, पिन विसरतो. आपल्याकडे २०१५ पासून आधारवर आधारलेली ‘ई-साइन’ पद्धत आली. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेची ‘ई-हस्ताक्षर’ सेवा त्यांपैकीच एक. तिची रचना विचार करण्याजोगी आहे. आपण मोबाइलवर आलेला आकडा सांगून ओळख पटवली की, संस्थेच्या सुरक्षित यंत्रात आपल्या नावाची किल्ली तयार होते, एकच सही करते आणि नष्ट केली जाते. प्रमाणपत्राचे आयुष्य अवघे अर्ध्या तासाचे. शिक्का परक्या घरात घडतो खरा, पण मुक्कामाला राहत नाही. जो शिक्का उरतच नाही तो चोरणार कोण? येथे राखणीचा भार किल्लीवरून उतरून मोबाइलवर आला आहे, एवढे मात्र विसरू नये. ज्याच्या हाती आपला मोबाइल आणि त्यावर आलेला आकडा, तो त्या घटकेपुरता आपणच असतो.

किल्ली मुक्कामाला राहिली तर काय होते, याचे उदाहरण २०२३ साली जगाने पाहिले. मायक्रोसॉफ्ट या बलाढ्य कंपनीची एक सही-किल्ली परकीय घुसखोरांच्या हाती लागली, आणि तिच्या आधारे खोटी ओळखपत्रे बनवून सुमारे पंचवीस संस्थांची टपाले वाचली गेली; त्यांत अमेरिकेचे परराष्ट्र खातेही होते. अमेरिकी सरकारच्या चौकशी मंडळाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार ती किल्ली २०१६ सालची होती, ती केव्हाच निवृत्त व्हायला हवी होती, आणि ती नेमकी कशी गेली हे कंपनीलाही निश्चित सांगता आले नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर, जुना शिक्का वेळेवर मोडला नव्हता. जगातील उत्तम राखणदारांची ही गत, तर खणातल्या माळेची काय कथा?

सहीच्या किल्लीविषयी माझे मत आता आपल्याला कळले असेल. पेटीच्या किल्लीचा न्याय मात्र वेगळा आहे, आणि तिच्या बाबतीत ‘कोणालाही देऊ नका’ एवढाच उपदेश करणारा माणूस अर्धेच सांगतो. कुटुंबाची कागदपत्रे, वाडवडिलांची छायाचित्रे, संस्थेचे हिशेब आज संगणकावर कुलूपबंद असतात. किल्लीधारक अकस्मात गेला तर ती उघडायची कशी? आपल्या भागातील मोडी कागदांचे काय झाले ते आठवा. त्यांना कोणी कुलूप घातले नव्हते. वाचणारे गेले आणि कागद आपोआप बंद झाले. पिसुर्ल्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांसारखा विद्वान पणजीच्या अभिलेखागारात आयुष्य वेचतो, तेव्हा त्यांतले काही पुन्हा उघडतात. गणिती कुलपाला असा पिसुर्लेकर भेटणार नाही. तेथे किल्ली गेली म्हणजे गेली.

म्हणून पेटीची किल्ली ठेव म्हणून ठेवावीच; प्रश्न कोणाकडे हा आहे. याचे फार सुंदर उत्तर, मघाशी उल्लेख केला त्याच अदी शमीर यांनी १९७९ मध्ये दिले. समोरच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना ते सहज समजेल. आलेखाच्या कागदावर एका बिंदूतून किती रेषा जातात? अगणित. दोन बिंदूंतून? एकच. आता समजा, ती रेषा उभ्या अक्षाला जेथे छेदते तो आकडा म्हणजे आपले गुपित. रेषेवरचे पाच वेगवेगळे बिंदू पाच माणसांना एकेक वाटून द्यावेत. कोणीही दोघे एकत्र आले की रेषा सापडते, गुपित उघडते. एकट्याला मात्र त्याच्या बिंदूवरून काहीच कळत नाही. दोनाऐवजी तिघे हवे असतील तर सरळ रेषेऐवजी वक्र घ्यावा. पाच महाजनांपैकी कोणतेही तीन, ही आपली जुनी पेटीच. फक्त लोहाराच्या जागी गणित आले.

पण गणित माणसे निवडून देत नाही. १९९३ साली अमेरिकी सरकारने ‘क्लिपर’ नावाची एक चकती पुढे केली. नागरिकांच्या संभाषणाची किल्ली दोन भागांत तोडून दोन सरकारी खात्यांकडे ठेवायची, आणि अधिकृत आदेश मिळाल्यावर ती जोडायची, अशी योजना होती. १९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने तिच्यातील तांत्रिक उणीव दाखवली आणि लोकविरोधापुढे ती काही वर्षांतच मावळली. त्यातला नैतिक धडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एकाच धन्याच्या दोन नोकरांकडे दिलेल्या दोन किल्ल्या ही खरे पाहता एकच किल्ली. तुकडे वाटायचे ते एकमेकांचे मिंधे नसलेल्या माणसांत: एक मुलगी, एक भाऊ, एक वकील, संस्थेत एक अध्यक्ष, एक खजिनदार आणि एक विरोधी मताचा सभासद. देवस्थानाच्या किल्ल्या वेगवेगळ्या घराण्यांत जात, त्यात हेच शहाणपण होते.

आता ‘बिकलम’कडे येतो. काहीजणांना हे यंत्र खरोखरच जमणार नाही. वृद्ध आहेत, अल्पशिक्षित आहेत, माझ्यासारखे डोळ्यांनी अधू झालेले आहेत. त्यांनी काय करावे? त्यांनी आपला शिक्का दुसऱ्याला देऊ नये, अधिकार द्यावा. रीतसर मुखत्यारपत्र करावे, आणि मुखत्याराने स्वतःच्या शिक्क्याने, स्वतःच्या नावे, ‘अमुकातर्फे’ सही करावी. जेथे सरकारी प्रणालीत अशी सोय नाही, तेथे ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे. निरक्षर शेतकऱ्याच्या नांगराशेजारी लिहिणाऱ्याचे नाव असे, म्हणून उद्या वाद झाला तर साक्षीला एक माणूस सापडे. परक्याच्या हाती दिलेले टोकन हे लिहिणाऱ्याचे नाव पुसून टाकते. कागदावर फक्त मालक उरतो; ज्याने बटण दाबले तो अदृश्य होतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या खेड्यातल्या रीतीपेक्षा ही अधोगती आहे, असे मी या व्यासपीठावरून जबाबदारीने म्हणतो.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज बँकांत, कचेऱ्यांत, परदेशच्या संगणक-उद्योगांत मोठ्या जागांवर आहेत. अशा प्रणाली घडवण्याचे, निदान चालवण्याचे काम तुमच्याकडे येईल. तुमच्यापाशी माझे तीन मागणे आहे. सहीची किल्ली आणि पेटीची किल्ली यांची कधी गल्लत करू नका. लोकांच्या सहीच्या किल्ल्या तुमच्या सर्व्हरवर साठवण्याची वेळ आलीच, तर त्या कमीत कमी काळ राहतील आणि वेळ होताच मोडल्या जातील असे करा. आणि तिसरे, सही करणारा हात कोणाचा होता, हे शोधू पाहणाऱ्याला नेहमी सापडेल अशी जागा राखून ठेवा.

गुरुजींनी आम्हां सर्वांच्या पिढ्यांना पाटीवर नाव गिरवायला लावले, तेव्हा अक्षर सुंदर काढण्यापेक्षा ते स्वतः काढण्यावर त्यांच्या पिढीच्या शिक्षकांचा कटाक्ष असे. दुसऱ्याने हात धरून काढलेले अक्षर पुसून पुन्हा काढावे लागे. ती शिस्त नव्या यंत्रांच्या जगात चालू ठेवणे हेच त्यांचे खरे स्मारक होईल, असे मला नम्रपणे वाटते.